सहा अक्षरी, झेडसकट

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी मला दुपारभर छळलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात गेले होते. पुस्तकांची प्रुफं तपासून स्वतःचे डोळे बिघडवणं हे माझं काम आणि लोकांचे डोळे तपासणं हे त्यांचं. "घरचं गिऱ्हाईक घरातच तयार होतं," असं ते म्हणत. दुकानात कुणी नव्हतं. बाबा तपासणीच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर बसून समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते.

"सापडला," ते म्हणाले.

"काय?"

"सहा अक्षरी."

त्या तक्त्यावर दहाच अक्षरं होती: सी, डी, एच, के, एन, ओ, आर, एस, व्ही आणि झेड. एका ओळीत कुठलंही अक्षर दोनदा नाही. आणि ओळीत अर्थाचा शब्द तयार होता कामा नये. झाला तर माणूस वाचायचं सोडून अंदाज बांधतो आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातो. म्हणून नवा तक्ता आला की बाबा आधी त्यात शब्द लपलेत का ते शोधत. त्यातूनच आमचा खेळ निघाला. या दहांतून इंग्रजी शब्द काढायचा, अक्षर पुन्हा वापरायचं नाही. मी शाळेत असताना चार अक्षरी चालायचे: रॉक, हॉर्न, कॉर्क. पुढे पाच अक्षरी, शॉक आणि स्कॉर्न. सहाला मात्र आमचं गाडं अडलं. दहा अक्षरांत स्वर एकटा ओ. त्या एका बैलाने सहांची गाडी ओढायची!

"एस लावून लांबवला असणार," मी म्हणाले. "एकाचे अनेक."

"मी? एस लावणं म्हणजे दुधात पाणी. माझा शब्द निर्भेळ आहे. वर त्यात झेड आहे."

"झेड? थापा!"

"थापा तर थापा."

"सांगा ना, बाबा."

"सांगायचं नाव नको. चष्मिस, डोकं चालव."

थापा मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डाव्या कुशीवर झोपलं की उजव्या डोळ्याचा नंबर उतरतो, हे त्यांनी आईला लग्नानंतर वर्षभर पटवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा निवायच्या आत, बाबा गेले.

माणसं आली, बसली, गेली. मी सगळ्यांशी नीट बोलले. आत मात्र एकच गोष्ट कुरतडत होती: शब्द खरा होता की थाप? थाप असेल, तर बाबा जाता जाता मला नेहमीसारखे बनवून गेले आणि विषय संपला. खरा असेल, तर आमचा डाव अजून मोडलेला नव्हता आणि खेळायची पाळी माझी होती.

मी भाजी निवडताना, बसची वाट बघताना झेड पुढे लावून बघितला, मध्ये घातला, शेवटी टांगला. काही जुळेना. शेवटी घरात कोडं सांगितलं.

"एवढंच ना?" दादाने फोन काढला. "लांबी टाकायची, अक्षरं टाकायची. खटकन यादी येते."

"हात लावलास तर बघ."

"अगं, कुठल्या जमान्यात राहतेस? लोक परीक्षा पास होतात यावर."

"होऊ देत. हा पेपर माझा आहे."

आई पोळपाट पुसत म्हणाली, "ठेव रे तो फोन. तिला भांडू दे बापाशी. तेवढीच सोबत."

दुकानात तयार चष्मे पडून होते. ते द्यायला मी सुट्टी काढून बसू लागले. लहानपणापासून बघून बघून काड्या वाकवणं, स्क्रू आवळणं एवढं येत होतं. एका दुपारी कोपऱ्यावरचे बेकरीवाले आले. मिशीला पीठ लागलेलं, आणि नाक असं की माणूस दारात यायच्या आधी नाक आत येई.

मी चष्मा चढवला. तो घसरला. नाकाजवळच्या गाद्या चिमट्याने फाकवल्या, पुन्हा चढवला. आता तो एका बाजूने कलला.

"घाबरू नकोस, पोरी," ते म्हणाले. "या नाकाने तुझ्या वडिलांच्याही नाकी नऊ आणले होते. मागच्या खेपेला तर ते माझ्या नाकाकडे बघून एकटेच हसत सुटले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, तुमचे उपकार झाले."

माझा चिमटा हवेतच राहिला.

नाक. इंग्रजीत नोज, पण त्यात ई आहे, तो तक्त्यावर नाही. दुसरं काय म्हणतात नाकाला? चारचौघांत, चेष्टेत? कुठल्याशा जुन्या इंग्रजी कादंबरीतला एक चहाटळ विक्रेता आपल्या भावाच्या नाकावरून त्याला चिडवत होता. भलंमोठं नाक. तो शब्द...

श्नॉझ.

मी बोटांवर मोजलं. एस, सी, एच, एन, ओ, झेड. सहा. एकही अक्षर दोनदा नाही, अनेकवचनाचं पाणी नाही, आणि शेवटी ऐटीत बसलेला झेड!

मी इतक्या जोरात ओरडले की बेकरीवाल्यांनी दोन्ही हातांनी नाक झाकलं.

"लागलं का हो?"

"मला नाही लागलं. तुला काय झालं?"

"काका, तुमचे उपकार झाले!"

"बाप तसा लेक," ते पुटपुटले, आणि आरशात बघून म्हणाले, "बसला की गं, अगदी सरळ."

ते गेल्यावर मी दादाला फोन केला. "सापडला. तुझ्या फोनच्या नाकावर टिच्चून!" तो शब्द ऐकून खो-खो हसला, आणि मागून आईचा आवाज आला, "कोण जिंकलं?"

कोण जिंकलं? शब्द खरा होता. त्यांनी तो माझ्याआधी, एकट्याने, भर दुकानात एका नाकावरून उचलला होता. आणि मीही तो तिथूनच उचलला. आमच्या घरात असा दोघांनी जिंकलेला डाव कधी झाला नव्हता.

मी तपासणीच्या खोलीत गेले, दिवा लावला आणि उंच खुर्चीवर बसले. समोर तक्ता उजळला. शाब्बासकी आपल्याकडे वरून खाली येते. थोरांनी धाकट्यांना द्यायची. बापाला ती कुणी देत नाही. मीही कधी दिली नव्हती.

"शाब्बास, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "शाब्बास!"