चारच्या बटणावरचा डॉलर

चारच्या बटणावर आता काहीच उरलं नव्हतं — ना आकडा, ना त्याच्या डोक्यावरची डॉलरची खूण, नुसतं गुळगुळीत काळं प्लास्टिक... हा संध्याचा तिसरा कीबोर्ड, आणि तिन्हींचं हेच बटण आधी गेलं. सतरा वर्षं ती ज्या संगणकी भाषेत वेबसाइट लिहीत आली, तिच्यात प्रत्येक नावाआधी डॉलर लावावा लागे. नव्या भाषेत तो लागत नाही. पण हे बोटाला कोण सांगणार? रात्री घोकायचं आणि सकाळी पहिले पाढे पंचावन्न. आत्ताही बोट तिथेच गेलं आणि स्क्रीनवर चुकीची लाल रेघ उमटली.

"मॅडम, फिर से डॉलर?" तिकडून तिची स्क्रीन बघणारा सुयोग हेडफोनमधून म्हणाला. "आदत जात नाय ना तुमची."

तो प्रेमानेच म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. या सुयोगला मी हाताला धरून शिकवलं होतं — आता तोच माझं काम तपासतो. कंपनीने जुन्या भाषेतली कामं बंद केली. तीन महिन्यांत नवं जमलं तर ठीक, नाहीतर बेचाळिसाव्या वर्षी घरी.

यातलं बाबांना काहीच माहीत नव्हतं. बाबांना कसं सांगायचं? अंबरनाथच्या कारखान्यात नवं मशीन आलं तेव्हा त्याची इंग्रजी बटणं त्यांना वाचता आली नाहीत, आणि बावीस वर्षं मशीन चालवलेल्या बाबांना गेटवर वॉचमन म्हणून बसवलं. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला होता. संध्याने भाजी पातेल्यात परत ओतली...

मग केव्हातरी, बेलवलीच्या या घरात, ते दुपारचे तिच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. "सापाला काठी टोचल्यासारखं हे काय गं, जिथं तिथं?" "डॉलर, बाबा." बस्स! पुढच्या रविवारी बुद्धविहारात सगळ्यांना कळलं की शिवरामची पोरगी डॉलरमध्ये काम करते. लोक पोरांच्या नोकऱ्यांसाठी येऊ लागले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. म्हाताऱ्याला तेवढंच सुख, असं ती स्वतःला सांगत आली.

"संध्या." ते मागे येऊन बसले होते, चष्मा कपाळावर. "चार दिवस बघतोय. तुझा डॉलर दिसत नाय."

तिने हेडफोन काढला. आता सांगावंच लागणार होतं. "बाबा, तो... तो पैशांचा नव्हताच कधी. नुसती खूण असते."

"म्हायती आहे मला." ते स्क्रीनकडेच बघत होते. "विहारात आपलं बोलायचो. पण तुझ्या कामातलं मला तेवढंच ओळखू यायचं गं. तेवढंच वाचत बसायचो."

तिला एकदम भरून आलं. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळून घेत होते, आणि ते मागे बसून माझं काम वाचत होते — एकाच खुणेच्या आधारावर, ओळीमागून ओळ...

"आता यातलं काय ओळखायचं?" त्यांनी विचारलं.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. स्वच्छ, बिनडॉलरच्या ओळी. यातलं तिलाही अजून फारसं ओळखू येत नव्हतं. हे त्यांना सांगायची आता भीती वाटत नव्हती, नुसतं वाईट वाटत होतं. तिने खुर्ची थोडी बाजूला घेतली, त्यांना नीट दिसावं म्हणून. बोट त्या पुसलेल्या बटणावर जाऊन थांबलं होतं. तिने ते दाबलं नाही, उचललंही नाही.