धाकटीची जट

“ओ बाई, लाइनीत या की,” मागून कुणीतरी म्हणालं.

तानाबाईने वळून पाहिलं. हातात ओटीचं ताट घेतलेली अनोळखी बाई होती, मोशीकडची असावी.

“माझं घर हाय हे,” तानाबाई म्हणाली. “ड्युटीवरून आले. पाय धुवायचेत मला.”

“असू द्या की. आईच्या दारात सगळे सारखे.”

पुढच्या दोघीतिघी हसल्या. तानाबाईने खांद्यावरची डब्याची पिशवी सावरली आणि स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर बारा बायकांच्या मागे उभी राहिली. पहाटे पाचला उठून, बसने जाऊन, आठ तास उभ्याने पॅकिंग करून ती आली होती. दर मंगळवारी हे असंच चालायचं.

आत चौरंगावर तिची धाकटी जाऊ रुक्मिणी बसली होती. कपाळावर मळवट, अंगावर हिरवं लुगडं आणि उजव्या खांद्यावरून कमरेपर्यंत आलेली मनगटाएवढी जाड जट, हळदीने पिवळी झालेली. बायका एकेक करून पाया पडत, ओटी भरत आणि जटेला हात लावून तो हात डोळ्यांना लावत. महाळुंग्यातली निम्मी घरं आणि कंपन्यांमुळे इथे येऊन राहिलेली परगावची माणसं तिला आई म्हणायची. एकदा तर तानाबाईचा नवरा तात्याबाही त्या रांगेत उभा राहून पाया पडला होता. ज्या भावजयीने थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तिच्याच पायांवर थोरल्या दिराने डोकं ठेवलं. त्या रात्री तानाबाईने त्याला जेवायला वाढलं, पण शब्द बोलली नाही.

जावा जावा, उभा दावा, असं उगाच म्हणत नाहीत. पण तानाबाईचं दुखणं साध्या दाव्याचं नव्हतं. तिला धाकटीची जागा हवी होती. आयुष्यात एकदा तरी कुणी आपल्या पाया पडावं, आपण चौरंगावर बसावं आणि सासूने आपल्याला चहा आणून द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

आणि खरी गोष्ट तर त्याहून वाईट होती. ती जट देवीने दिली नव्हती. तानाबाईने दिली होती.

अकरा वर्षांपूर्वी रुक्मिणीला टायफॉइड झाला. चाळीस दिवस ती अंथरुणाला खिळली. सासू केसरबाई म्हणाली, “थोरले, धाकटीची वेणीफणी तू बघ.” रुक्मिणीचे केस म्हणजे गावात बोलायचा विषय होता. लग्नात तिला न्हाऊ घालणाऱ्या बायका दमल्या होत्या म्हणे. तानाबाईची वेणी मात्र उंदराच्या शेपटीएवढी. तिने पहिले चार दिवस तेल लावून केस विंचरले. पाचव्या दिवशी फणी हातात घेऊन ती थांबली. हे केस थोडे खराब झाले तर काय बिघडतं, असं तिच्या मनात आलं. मग आज करू, उद्या करू, करत महिना गेला. रुक्मिणी उठून बसली तेव्हा मानेमागे केसांचा गोळा झाला होता. तानाबाई घाबरून कात्री शोधायला गेली. ती परत येईपर्यंत सासूने त्या गोळ्याला हळदकुंकू वाहून हात जोडले होते.

पुढे एकदा तानाबाईने स्वतःचे केस विंचरणं सोडून पाहिलं. तीन आठवडे झाले तेव्हा कंपनीतला सुपरवायझर निरंजन म्हणाला, “मावशी, केस विंचरून येत जा. टोपीबाहेर येतायत. कन्व्हेयरमध्ये अडकले तर माझी नोकरी जाईल.” ती मुकाट्याने विंचरून गेली. तिच्याकडे यायला देवीलाही गेटपास लागला असता.

कंपनीच्या गेटवर रोज मंगळसूत्र काढावं लागे. बांगड्या, जोडवी, मनगटाचा गंडा, सगळंच. शेजारच्या लाइनवरची मुलगी बुरखा काढून लॉकरमध्ये ठेवायची, दुसरी कुणी गळ्यातला क्रॉस. तानाबाई आपलं सौभाग्य एका स्टीलच्या डबीत घालून चौदा वर्षं कुलूपबंद करत आली होती. पहिल्या दिवशी तिला रडू आलं होतं. आता सवय झाली होती.

एके दिवशी कँटीनच्या टीव्हीवर मोठा वाद चालला होता. कुणी काय घालावं, कुठल्या प्रथा पाळाव्यात, हे सरकारने ठरवावं का? चौघं एकदम ओरडत होते. एक म्हणे, बंदी घाला. दुसरा म्हणे, धर्मात हात घालाल तर रस्त्यावर येऊ.

“माझं मंगळसूत्र रोज गेटवर काढून घेतात,” तानाबाई डाळ कालवत म्हणाली. “त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं न्हाई.”

निरंजन हसला. “ते सेफ्टीसाठी असतं, मावशी. पण आपल्याकडं कायदा आहे बरं का. अंगात आणून लोकांना घाबरवलं, डॉक्टरकडं जाऊ दिलं नाही, की पोलीस येतात. एक अर्ज दिला तरी पुरे.”

तानाबाईचा घास हातातच राहिला.

अर्जाला निमित्तही समोरच होतं. त्यांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये परभणीकडची अनिता राहायची. तिची पाच वर्षांची सोनू काविळीने पिवळी पडली होती. मागच्या मंगळवारी अनिता तिला कडेवर घेऊन रुक्मिणीकडे आली तेव्हा तानाबाई जिन्यात उभी राहून ऐकत होती. रुक्मिणीने पोरीला अंगारा लावला आणि हळू आवाजात म्हणाली, “अंगाऱ्यानं कावीळ जात न्हाई, बाई. आजच्या आज दवाखान्यात ने.” ओटीत आलेल्या नोटाही तिने अनिताच्या हातात कोंबल्या. पोरगी चार दिवसांत दवाखान्यातून घरी आली.

तानाबाईने अर्जात अंगारा लावल्याचं लिहिलं आणि दवाखान्यात धाडल्याचं गाळलं. त्याच्या जागी लिहिलं, “दवाखान्यात नेलं तर देवी कोपेल, अशी भीती घातली.” खाली नाव लिहिलं नाही. चाकणला उतरून तिने तो लिफाफा पेटीत टाकला. वाईट वाटायला हवं होतं, पण तिला हलकं वाटलं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. तानाबाई केस धुऊन गच्चीवर वाळवत बसली होती, तेव्हा खाली हवालदाराची मोटारसायकल थांबली. मागे नेहा नावाची बाई बसली होती. ती पिंपळे गुरवला शाळेत शिकवायची आणि बायकांच्या जटा सोडवायचं काम करायची, म्हणून हवालदाराने तिला सोबत आणलं होतं.

ओसरीवर सगळे जमले. हवालदाराने अर्ज वाचून दाखवला. रुक्मिणीचा नवरा सोपान तापला.

“आमच्या घरात कुणी डोक्यावर काय ठेवायचं, ते सरकार ठरवणार व्हय? त्यांच्या डोक्यावरचं काढा म्हणावं आधी.”

“जट ठेवणं गुन्हा नाही,” हवालदार म्हणाला. “आम्ही ती कापायला आलो नाही. पण लेकराचा उपचार अडवला असेल तर केस होईल. अटकसुद्धा होऊ शकते.”

अटक म्हटल्यावर केसरबाई मटकन खाली बसली. रुक्मिणी मात्र अर्जाच्या कागदाकडे बघत होती. तिने मान उचलली आणि घोळक्याच्या मागे ओल्या केसांनिशी उभ्या असलेल्या तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईने नजर फिरवली.

अनिताला बोलावलं. ती सोनूला घेऊन आली आणि सगळं ऐकून चक्रावली. “कुणी लिहिलं हे? आईनंच तर मला धाडलं दवाखान्यात. औषधाला पैसे दिले. नाहीतर माझं लेकरू गेलं असतं, साहेब.”

हवालदाराने कागदाची घडी घातली. “मग काही राहिलंच नाही. कुणाच्या तरी पोटात दुखलेलं दिसतंय.”

सोपान मिशीत हसला. नेहाने पर्स उचलली, रुक्मिणीला नमस्कार केला आणि ती निघाली.

“बाई,” रुक्मिणी म्हणाली. “कात्री आणलीय का?”

कुणाला काही कळलंच नाही. नेहा परत वळली.

“माझी मान लई दुखती,” रुक्मिणी म्हणाली. “अकरा वरीस झाली, मी उजव्या कुशीवर झोपले न्हाई. आत उवा झाल्यात. रात्री रडते मी.”

“रुक्मे, वाटोळं हुईल घराचं,” केसरबाई ओरडली. “देवीचं देणं हाय ते.”

“देवी कोपली तर माझ्यावर कोपंल, आत्या. तुमाला काय व्हनार न्हाई.”

सोपान नेहासमोर आडवा आला. “तुमी हिला फितवताय. केस न्हाई झाली तर आता हे. जबरदस्ती चालणार न्हाई.”

“जबरदस्ती कुणीच करणार नाही,” नेहा म्हणाली. “सरकार नाही, मी नाही, आणि तुम्हीही नाही. त्या म्हणतील तसं होईल.”

सोपान बायकोकडे बघत राहिला. जट आल्यापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. देवीच्या बाईला शिवायचं नाही, असं आईनेच सांगितलं होतं. रुक्मिणीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, तशी तोच खाली बसला.

जट कापायला वेळ लागतो. ती मुळाशी घट्ट बसलेली असते, म्हणून कुणीतरी डोकं स्थिर धरावं लागतं. नेहाने विचारलं, “कोण धरतंय?”

“आक्का धरील,” रुक्मिणी म्हणाली.

तानाबाई भिंतीला टेकून बसली आणि धाकटीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अकरा वर्षांनी ते डोकं पुन्हा तिच्या हातांत आलं होतं. हळद, तेल आणि कुजकट घामाचा वास येत होता. कात्रीचा आवाज सुरू झाला. बाहेर बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. आताही सगळे रुक्मिणीकडेच बघतायत, असं तानाबाईच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

“जिन्यात तूच व्हतीस ना?” रुक्मिणी डोळे मिटून पुटपुटली. ते फक्त तानाबाईला ऐकू गेलं.

तानाबाईने ते डोकं आणखी घट्ट धरलं.

“खोटं कशाला लिहिलंस, आक्का? रुक्मीची मान दुखती, एवढं लिहिलं असतंस तरी ही बाई आली असती.”

“मला काय ठावं तुझी मान दुखती ते?”

“विचारलंस कधी?” रुक्मिणी म्हणाली. “तू दर गुरुवारी केस धुऊन गच्चीवर बसतीस. मी तवा दार लावून घ्यायची. बघवायचं न्हाई मला.”

तानाबाईचे हात त्या डोक्यावर तसेच राहिले. ही माझ्यावर जळत होती? माझ्या उंदराच्या शेपटीवर? फणीची गोष्ट सांगून टाकावी, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात नेहाने शेवटचा धागा कापला, जट धप्पकन जमिनीवर पडली आणि सांगायचं राहून गेलं.

रुक्मिणीने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. “अगं बाई, केवढं हलकं,” ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली.

त्यानंतरचा मंगळवार रिकामा गेला. चारदोन बायका आल्या, आखूड केसांची रुक्मिणी भांडी घासताना दिसली, तशा ओटी न भरताच परतल्या. गावात बोलणं झालं. घराला दोष लागणार म्हणाले. लागला नाही. केसरबाईने जट लाल फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडली आणि रुक्मिणीच्या हातचं पाणी पिणं बंद केलं. तिचा चहा आता तानाबाईने करायचा. हिरवं लुगडं पेटीत गेलं. तानाबाईला दारात कुणी अडवेनासं झालं. पिशवी घेऊन ती सरळ आत जायची आणि आत गेल्यावर उगाच एकदा मागे वळून बघायची.

दीड महिन्याने, एका गुरुवारी दुपारी, तानाबाई दारात गहू निवडत बसली होती. केस धुवायला तिला त्या दिवशी वेळ मिळाला नव्हता. रस्त्यावरून एक म्हातारी विचारत विचारत आली. चिखलीहून दोन बस बदलून आली होती. हातात नारळ, खण आणि तांदळाची पिशवी होती.

“जटवाल्या आईंचं घर हेच का?”

“हेच,” तानाबाई म्हणाली. पुढचं ती सांगणारच होती. पण म्हातारीने तिचा पांढरा होत चाललेला अंबाडा पाहिला, कपाळावरचं मोठं कुंकू पाहिलं आणि दुसरं काही ऐकायच्या आत पायरीवर डोकं टेकलं.

“आई, लेकाला कामावरनं काढलंय. तू बघ त्याच्याकडं.”

तिचं कपाळ तानाबाईच्या पावलांना लागलं. ते गरम होतं. ज्यासाठी अकरा वर्षं तिने जीव जाळला होता, ते हे. तिचा हात आपोआप उचलला गेला आणि म्हातारीच्या डोक्यावर जाऊन थांबला. नाही म्हणावं, की आशीर्वाद द्यावा? पॅकिंगच्या पट्ट्यांनी कापलेली ती बोटं म्हातारीच्या विरळ केसांमध्ये तशीच राहिली. कुणीतरी हे पाहावं, असं तिला फार वाटलं. निदान रुक्मीने तरी.

तिने मान वर केली. गच्चीच्या कठड्यावर एका अंगाने टेकून रुक्मिणी उन्हात बसली होती. बोटभर वाढलेले केस नुकतेच धुतलेले होते आणि त्यांतून पाण्याचे थेंब खांद्यावर पडत होते. मान एका बाजूला कलवून, डोळे मिटून ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. खाली दारात काय चाललंय, हे तिने एकदाही वाकून पाहिलं नाही.