बाबूचे लंगोट

विशाखाने बादलीतला लंगोट पिळून दगडावर पसरला, त्यावर साबणाची वडी फिरवली, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत काळा पडला.

"माय व!" म्हणत तिने हात झटकला.

मघाशी बादलीतून काढला तेव्हा त्यावर नुसता तपकिरी ओघळ होता. बादली सकाळपासून उन्हात राहिली, रंग बदलायचाच, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पण हे काही समजावण्यातलं नव्हतं. साबण जिथे लागला तिथे काळं. तिने दुसरा लंगोट घेतला, तोही तसाच. तिसरा घ्यायला तिचा हात पुढे होईना.

मग तिला कोळसा आठवला आणि जिवात जीव आला. बेल्लमपल्लीत, खाणीच्या गावात, कोळशाच्या नावावर काहीही खपतं. तारेवरची चादर काळी, लोणच्याच्या बरणीचं झाकण काळं, पोरांची नाकं काळी. कंपनीच्या क्वार्टरात राहायचं आणि पांढऱ्या कपड्याचा हट्ट धरायचा, म्हणजे गिरणीत बसून अंगाला पीठ लागू नये म्हणण्यासारखं! तिने बादली राखेने घासली, नवी वडी काढली, घरातच दोरी बांधून लंगोट पंख्याखाली वाळवले. दुसऱ्या दिवशी तान्ह्या बाबूने भिजवलेला पहिलाच लंगोट उचलून तिने साबण लावला.

काळा.

मितूच्या वेळी या घरात लंगोट नावाची वस्तूच नव्हती. मितू ही विशाखाची थोरली. ती झाली तेव्हा सासूने, चंद्रभागाबाईंनी, बाळंतिणीच्या खोलीत विकतच्या चड्ड्यांची भली मोठी पिशवी आणून ठेवली होती. चंद्रभागाबाई विशाखाच्या सख्ख्या आत्या. भावाची पोर त्यांनी आपल्या खुशालसाठी मागून आणलेली. पाट्यावर वाटल्याशिवाय भाजीला चव नाही म्हणणारी ही बाई, मिक्सरला शिव्या घालणारी, आणि नातीला मात्र दुकानातल्या, एकदा वापरून फेकायच्या चड्ड्या! पिशवी संपत आली की स्वतः बाजारात जायच्या. वापरलेली चड्डी कोणाच्या हाती लागू न देता कागदात गुंडाळून नाल्यापलीकडे टाकून यायच्या. कॉलनीतल्या बायका म्हणत, "चंद्रभागाबाई, तुमी तं फारीनच्या सासू झाल्या!" विशाखा कौतुकाने फुगायची. सुनेचे एवढे कष्ट वाचवणारी सासू कोणाच्या नशिबी असते?

बाबू आला तो ऐन उन्हाळ्यात. बेल्लमपल्लीचा उन्हाळा म्हणजे चुलीच्या तोंडाशी बसणं. चड्डीच्या आत पोराचं अंग सोलून निघालं, तेव्हा विशाखाने आईची जुनी लुगडी फाडली आणि लंगोट शिवायला घेतले. आत्या फणफणल्या होत्या.

"कोण धुईन एवढं? आपल्याले काय कमी हाय?"

"मीच धुईन, आत्या."

"तुले काई समजत नाई," एवढंच म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

आता तो काळा लंगोट चिमटीत धरून विशाखा स्वयंपाकघरात आली. आत्या विळीवर कांदा चिरत होत्या.

"आत्या, हे पाहा ना. कशानं झालं असंल?"

दुसरी कोणी असती तर निदान जवळ घेऊन पाहिलं असतं, वास घेतला असता. आत्यांनी काही केलं नाही. त्या उठल्या, मागचं दार लोटलं आणि कडी घातली.

"कोणाले दाखवलं काय?"

"नाई."

"दाखवू नको. अन् उद्यापासून लेकराले वरचं दूध सुरू कर. तुहं बंद कर."

"माह्या दुधानं होते काय हे?"

"म्या तसं म्हटलं काय? बंद कर म्हटलं तं बंद कर!"

त्या दुपारी बाबू भुकेने रडत राहिला आणि ती त्याला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. पदराखाली घ्यावं की घेऊ नये, हेच तिला कळेना. आपल्या अंगातून त्याच्या अंगात काहीतरी वाईट जात असेल तर? आणि न पाजावं तर हे असं टाहो फोडणं ऐकायचं कसं? शेवटी तिने पाजलं. तो पीत होता तोवर तिचे डोळे वाहत होते.

संध्याकाळी खुशाल ड्यूटीवरून आला तो कंबर धरूनच. तो मस्टर ऑफिसात कारकून. दिवसभर खुर्चीत बसून कंबर गेली, असं तो म्हणायचा. विशाखाने लंगोट दाखवले.

"मंचेरियलले दाखव लहान पोरायच्या डाक्टरले," तो म्हणाला. "मायले घेऊन जा. मले बसमधी बसवत नाई आता."

मंचेरियलच्या डॉक्टरांनी बाबूची लघवी काचेच्या नळीत धरायला लावली आणि तीत कसलेसे थेंब टाकले. विशाखाच्या समोर नळी काळी झाली. डॉक्टर मात्र दचकले नाहीत, तेवढाच तिला आधार.

"मेनरिकमा?" त्यांनी तेलुगूत विचारलं आणि लगेच हिंदीवर आले. "मामा-फूफी में शादी हुई क्या?"

"हां, साब."

"घर में और किसी को है ऐसा?"

"नहीं, नहीं," आत्याच मध्ये बोलल्या. "किसी को नहीं." बाबू किरकिरायला लागला तसं त्यांनी त्याला उचललं आणि त्या बाहेर निघून गेल्या.

विशाखाने खुर्चीची कड धरली. "मेरे दूध से हुआ क्या?"

"नहीं अम्मा. दूध का क्या कसूर?"

मग त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. हे जन्माचंच असतं. पोटातला एक पदार्थ अंगाला पचवता येत नाही, तो लघवीतून जातो आणि हवा लागली, साबण लागला की काळा पडतो. पोरगं वाढेल, खेळेल, शिकेल. पण तिशी ओलांडली की पाठ आणि गुडघे वेळेआधी झिजतात. त्यावर औषध नाही. अन् हे एकट्या आईकडून येत नाही, एकट्या बापाकडून येत नाही. दोघांच्याही रक्तात असेल तेव्हाच पोरात उतरतं.

"बड़ा हुआ तो पसीने से बनियान भी काली होती," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पोराला आत बोलावलं.

परतीच्या बसमध्ये विशाखा खिडकीशी बसली होती. बस कॉलनीच्या वळणावर आली, तारांवरचे कपडे दिसू लागले, आणि ती ताडकन सरळ झाली.

बनियान!

लग्न झाल्यापासून ती खुशालच्या बनियानच्या काखा घासत आली होती. घासायची आणि म्हणायची, "मेला कोळसा!" पण खुशाल खाणीत उतरला होता कधी? पंख्याखाली बसून मजुरांच्या हजेऱ्या लावणारा माणूस. कोळसा सदऱ्याची कॉलर सोडतो आणि नेमका काखेत जाऊन बसतो? इतकी वर्षं हाताखालून गेलं ते तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि त्याची कंबर. आणि आता आता तर गुडघाही धरायला लागला होता. शेजारी आत्या बाबूला थोपटत होत्या, जसं काही झालंच नाही.

घरी पोचल्यावर तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. तारेवरून बनियान ओढली, दोरीवरून लंगोट ओढला आणि दोन्ही कपडे आत्यांच्या पुढ्यात टाकले.

"मितूच्या बाबाचे बी लंगोट असेच निघत होते ना?"

आत्यांनी बाबूला पाळण्यात ठेवलं. बनियान हातात घेतली, काखेतल्या डागावरून अंगठा फिरवला.

"हो," त्या म्हणाल्या.

"अन् तुमी डाक्टरले नाई म्हणाल्या?"

"तोंडून निघून गेलं व. जलमभर नाईच म्हणत आली."

आणि मग जे त्या कधी कोणाला बोलल्या नव्हत्या ते त्या सांगू लागल्या. खुशाल दोन महिन्यांचा होता. सासूने, सखूबाईने, काळे लंगोट पाहिले आणि सुनेच्या दुधातच काळं आहे असं ठरवून टाकलं. दीक्षा घेऊन घराने देव सोडले होते, भूत सोडलं नव्हतं. पोर ठेवून घेतलं आणि चंद्रभागाबाईंना माहेरी बाजारहत्नूरला धाडून दिलं.

"छाती दगडासारकी झाली होती," आत्या म्हणाल्या. "न्हाणीत जाऊन भिंतीवर पिळो. तुह्या बापानं पाह्यलं हाय, इचार त्याले. इकडे पोराले बकरीचं दूध. त्याच्यावर बी लंगोट काळेच! वरीस झालं तवा बलावून घेतलं. चुकलं म्हणून कोणी म्हटलं नाई. तुहं दूध आधी पोटात गेलं ते गेलं, सासू म्हणे."

"हे सारं ठाऊक असून तुमी मले मागून आणलं?"

"दुसऱ्याची पोर असती तं गावभर बोंबलली असती," आत्या खाली मान घालून म्हणाल्या. "तू भावाची. माह्यासारकी चूप राह्यशीन, असं वाटलं."

लहानपणी हिच्याच कुशीत विशाखा झोपली होती. हिनेच साखरपुड्याला तिची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली होती. आणि आपण कशासाठी निवडलो गेलो, तर तोंड उघडणार नाही म्हणून! बनियान उचलून हिच्या तोंडावर फेकावी, असं तिला वाटलं. बाहेर शेजारणीच्या पोरींसोबत खेळणाऱ्या मितूचा आवाज आला, आणि दुसरंच काहीतरी लख्खकन तिच्या डोक्यात आलं.

"अन् मितू?" तिने विचारलं. "आत्या, मितूचं?"

"मितूचं म्या पाह्यलंच नाई."

"म्हणजे?"

"म्हणून तं त्या इकतच्या चड्ड्या. गुंडाळायच्या अन् फेकून द्यायच्या. दिसलं नाई तं नाईच, असं म्या मनाले सांगितलं."

विशाखा तिथेच खाली बसली. फारीनची सासू! कॉलनीभर मिरवलेलं ते कौतुक याच चड्ड्यांचं होतं.

तिच्याकडे अजून एक गोष्ट होती, डॉक्टरांनी सांगितलेली, आत्यांनी न ऐकलेली. ती सांगायचीच नाही, असं तिने दात आवळून ठरवलं. भोगू दे. खुशालला काय सांगायचं, मितूला कधी दाखवायचं, हे सगळं आता माझ्याच डोक्यावर ना? मग हिनेही भोगावं.

आत्या सरकत जवळ आल्या. त्यांनी भीतभीत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मले काय म्हणायचं ते म्हण. पण आयक माहं. वरचं दूध सुरू कर. म्या खुशालले माहं पाजलं अन् पोराची कंबर गेली. तू बाबूले पाजू नको व, पाया पडते तुह्या."

विशाखाने हात झटकला नाही. ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. चौतीस वर्षांचा मुलगा, कंबर धरून रोज समोर चालणारा, आणि ही बाई त्याचं एकेक पाऊल आपल्या दुधाच्या खात्यात मांडत बसलेली. दात आवळून धरलेलं तिच्याच्याने धरवलं नाही.

"दुधानं होत नाई, आत्या. म्या डाक्टरले इचारलं."

"कोणाले सांगते?"

"खरं सांगून राह्यली. जलमाचंच असते ते, दुधाचा काई संबंध नाई. अन् एकाकडून येतच नाई. दोघायकडून आलं तवाच पोराले होते."

"दोघायकडून?" आत्यांनी विचारलं. "मंग माह्या सासरकडून बी?"

"हो, मामंजीच्या घराकडून बी. तेवढंच."

सखूबाई कधीच वारली होती. नवरा, देवाजी, तोही गेला होता. जाब विचारावा असं कोणी त्या घरात उरलेलं नव्हतं.

"अन् माह्या दुधात काईच नव्हतं?"

"काईच नव्हतं, आत्या."

"काईच नाई?"

"नाई."

पाळण्यात बाबू जागा झाला आणि भुकेने हात चोखत रडू लागला. विशाखा उठणार, तोच आत्या उठल्या. त्यांनी त्याला उचललं आणि तिच्या मांडीवर आणून ठेवलं.

"पाज त्याले," त्या म्हणाल्या. "पोटभर पाज."