डाकबंगल्यातला रांजण आणि लाल बाटली

मित्रांनो, देवचंद खानसाम्याच्या थोरल्या मुलीचे, कलाबाईचे, लग्न १९८१ सालच्या वैशाखात लागले. वऱ्हाडाच्या पाण्यासाठी मोठे भांडे हवे होते, म्हणून मला विकत आणले. माझा जन्मही मी त्याच सालचा धरतो. मी एक जुना रांजण आहे.

दोंडाईच्याच्या वना कुंभाराने मला घडवले. त्याने मातीत घोड्याची लीद मिसळली. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याला वारा लागतो आणि आतले पाणी गार होते. वना म्हणायचा, "ज्याले घाम येत नही, तो रांजण कसाना?"

लग्न झाल्यावर देवचंदच्या लहान घरात मला जागा उरली नाही. त्याने मला बैलगाडीत घालून सोनगीरच्या डाकबंगल्यावर नेले आणि व्हरांड्यात ओल्या वाळूच्या ढिगावर बसवले. त्याची बायको झुंबरबाई रोज सकाळी मला आतून घासायची आणि विहिरीच्या पाण्याने भरायची. आग्रा रोडवरचे ट्रकवाले मुद्दाम थांबून पाणी प्यायचे. "काय गार पानी शे भाऊ!" असे कोणी म्हटले की मला आणखी घाम फुटायचा.

देवचंद तिथे रोजंदारीवर स्वयंपाक करत होता. नऊ वर्षे झाली, तरी त्याला कायम केले नव्हते. अशात १९९० च्या मे महिन्यात धरणाच्या पाहणीसाठी फ्रान्सचे एक म्हातारे इंजिनिअर दोन दिवस मुक्कामाला येणार असे कळले. डाकबंगल्याचा कारभार पाहणाऱ्या रुपचंद साहेबांनी देवचंदच्या हातात एक चिठ्ठी दिली. पाहुण्यांना जेवताना हलकी लाल वाईन लागते, ती खोलीच्या तापमानाला द्यावी, असे तीत लिहिले होते.

"देवचंद, तुझी कायम करायची फाईल माझ्या टेबलावर आहे," साहेब म्हणाले. "पाहुणे नाराज होऊन गेले, तर ती तिथेच राहील."

आता गंमत पाहा. देवचंदने पंचशील घेतलेले होते. दारूचा थेंब त्याच्या जिभेला कधी लागला नव्हता. मग वाईन हलकी की जड, हे त्याने ओळखायचे कसे? धुळ्याच्या बाजारातून परतल्यावर त्याने झुंबरबाईला सगळे सांगितले. मी शेजारीच होतो, मीही ऐकले.

दुकानदार बन्सीलाल त्याला हसला होता. "देवचंदभाऊ, तुम्ही आणि वाईन? आज सूर्य कुठून उगवला?" त्याने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. एक परदेशी होती, ती साहेबांनी दिलेल्या पैशांत बसत नव्हती. दुसरी सरबतासारखी गोड, असे बन्सीलालनेच सांगितले. तिसरी सगळ्यांत स्वस्त होती. देवचंदने बाटल्या एकेक करून तिरक्या धरल्या आणि मानेतला रंग उन्हाकडे करून पाहिला. गोड बाटलीत काढ्यासारखा काळोख होता. स्वस्त बाटलीतून मात्र पलीकडचे त्याचे बोट दिसत होते.

"कढण पातळ का घट्ट, ते चमचा न चाखताही कळतं," तो झुंबरबाईला म्हणाला. "हिच्यातून बोट दिसलं. म्हणून हिच्याच दोन आणल्या."

पहिल्या दुपारी त्याने चिठ्ठीबरहुकूम बाटली खोलीतल्या टेबलावर ठेवली. मित्रांनो, मे महिन्यात सोनगीरच्या खोलीत भिंतीलासुद्धा हात लाववत नाही. त्यात आपल्याकडे पाहुण्याला अर्धा पेला देणे हा अपमान, म्हणून देवचंदने पेला काठोकाठ भरला. पाहुण्यांनी वास घेण्यासाठी पेला गोल फिरवला, तशी वाईन टेबलक्लॉथवर सांडली. एक घोट घेऊन त्यांनी पेला हळूच बाजूला सारला.  रुपचंद साहेब देवचंदकडे बघत राहिले.

देवचंद बाहेर येऊन माझ्याजवळ बसला. त्याने ओंजळीने पाणी तोंडावर मारले.

"चिठ्ठीत होतं तसंच केलं ना मी?" तो म्हणाला.

झुंबरबाई वांगी भाजत होती. तिने मान वर केली. "चिठ्ठी लिखनारानी खोली थंड व्हई. आपली खोली म्हंजे भट्टी शे. मंग?"

देवचंदने तोंड पुसले. मग उठला, दुसरी बाटली घेऊन आला आणि ती माझ्या तोंडातून पाण्यात सोडू लागला.

"थांबा!" झुंबरबाई ओरडली. "ते पानी बठ्ठा पेतस. त्यामा दारूनी बाटली?"

देवचंदने हात मागे घेतला. सगळ्यांच्या पिण्याचे पाणी ते, चुकलेच होते त्याचे. पण मला तेव्हा वाटले, अरे, माझा घाम आहे की! आणि त्यालाही तेच सुचले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या तासभर आधी त्याने बाटलीला ओले फडके गुंडाळले आणि ती माझ्या पायाशी, पाझराने भिजलेल्या वाळूत रोवली. अधूनमधून तो तळहाताची मागची बाजू तिला लावून बघायचा. बर्फासारखी नको, नुसती विहिरीच्या काठच्या सावलीतल्या दगडासारखी हवी, असे तो पुटपुटत होता. त्या बाटलीत काय असेल, याचे मला फार कुतूहल वाटले. एवढी जवळ असूनही ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या दुपारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. देवचंदने पेला अर्धाच भरला. पाहुण्यांनी तो फिरवला, घोट घेतला, भरिताचा घास खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला. मग त्यांनी रुपचंद साहेबांना काही विचारले. साहेब उठले आणि पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात आले. म्हाताऱ्या पाहुण्यांनी वाकून माझ्या ओल्या पोटावर हात ठेवला आणि ते मोठ्याने हसले.

नंतर त्यांनी एक पेला भरून देवचंदपुढे धरला.

"घे," साहेब हळूच म्हणाले. "पाहुण्यांना नाही म्हणू नकोस. फाईलचं लक्षात आहे ना?"

 देवचंदने हात जोडले. "साहेब, मी पंचशील घेतलंय. नोकरी राहो न राहो."

साहेबांचा चेहरा उतरला, पण त्यांनी ते पाहुण्यांना समजावून सांगितले. पाहुण्यांनी पेला मागे घेतला नाही. त्यांनी आपल्या नाकाकडे बोट दाखवले. देवचंदने वाकून वास घेतला आणि त्याच्या तोंडून पटकन घरचीच बोली निघाली, "जांभूयना वास शे!"

साहेबांनी जांभूळ म्हणजे काय ते सांगितले, तेव्हा पाहुण्यांनी खिशातली वही काढून तो शब्द लिहून घेतला. मग त्यांनी माझ्यातले पाणी एका पेल्यात काढून देवचंदला दिले, आपला पेला त्याला टेकवला आणि दोघे प्यायले. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी अख्खे पान लिहिले. त्या दिवाळीत देवचंद कायम झाला.

मित्रांनो, चांगले दिवस टिकत नाहीत. पुढे डाकबंगल्यात फ्रीज आला. १९९६ साली कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून भिंती रंगवल्या, तेव्हा मलाही हिरवा ऑइलपेंट फासला. मी सुंदर दिसू लागलो, पण माझी छिद्रे बुजली. मला घाम येईना. पाणी कोमट झाले, तसे लोक मला विसरले.

देवचंद निवृत्त झाल्यावर एकदा सहज आला. माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "तुले कोंडी टाकं रे यासनी." त्यानंतर तो दर बाजाराच्या दिवशी यायचा आणि विटेच्या तुकड्याने माझा रंग खरवडायचा. म्हातारा हात, हळूहळू चालायचा. वर्षभरात माझे अर्धे पोट मोकळे झाले. त्या अर्ध्या बाजूला मला आजही घाम येतो.

तुमच्या घरी रांजण असेल, तर त्याला रोज घासा, ओल्या वाळूवर बसवा, आणि रंग मात्र कधी लावू नका. माझी दुसरी बाजू अजून हिरवीच आहे. देवचंद खानसामा १४ फेब्रुवारी १९९९ रोजी धुळ्याला वारले.