कंप्रेसरमागचे उमासे

वार्तिनीने डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाणबुड्यांची हवेची टाकी आडवी घेतली, आणि किनाऱ्याकडे निघायचं सोडून कंप्रेसरच्या खोलीकडे कान लावून उभी राहिली. खोलीमागे कोणीतरी उमासे काढत होतं. कोणीतरी कसलं, तिचीच पोर होती, सुचिआती.

"आजही?" मागून केर्तीने विचारलं. तिच्याही डोक्यावर टाकी होती, पण त्याने तिची जीभ काही अडत नव्हती.

"रात्रीचे मासे बाधले असतील."

"रोज सकाळीच बाधतात वाटतं. आणि आंबट खाल्लं की उतरतात!"

आंबट वार्तिनीच्याही नजरेत आलं होतं. पोरीच्या उशाशी चिंचोके सापडत. सांबलच्या तिखट चटणीला ती हात लावत नव्हती. आणि टाक्यांत हवा भरणारा बुदियासा रोज कैरीच्या फोडी कागदात बांधून गुपचूप तिच्या हातात ठेवायचा. कोणत्या आईला याच्या पुढचं सांगावं लागतं?

आज सुचिआतीची गाइडची परीक्षा होती. पास झाली, तर पाहुण्यांना पाण्याखाली नेणारी बालीतल्या तुलांबेनमधली पहिली बाई ठरणार होती. टाकी पोरीच्या डोक्यावर नको, पाठीवर असावी, एवढ्यासाठीच तर वार्तिनीने आपली मान झिजवली होती. पण पोटुशी बाईने टाकी लावून खोल उतरायचं नसतं, हे त्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. परीक्षा घेणाऱ्या सरांना सांगावं तर पोरीची अब्रू जाते, न सांगावं तर जीव.

तुलांबेनमध्ये टाकी बायकाच वाहतात आणि एकीच्या टाकीला दुसरी हात लावत नाही. वार्तिनीने तेच केलं जे तिच्या हातात होतं. सुचिआतीची टाकी घेऊन ती पाण्याकडे गेलीच नाही. देवळाच्या भिंतीआड जाऊन बसली.

काळ्या गोट्यांवरून सुचिआती आईला हाका मारत धावत आली. "मेमे, टाकी इकडे कुठे आणलीस? सर पाण्यात उभे आहेत!"

"राहू देत. विरघळत नाहीत."

"मेमे!"

"कोणाचं आहे?"

"काय कोणाचं?"

"पोटातलं. बुदियासाचंच ना? कैऱ्या काय तो पुण्य लागावं म्हणून वाटतो?"

सुचिआती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. खांद्यावरची नळी तिने टाकीला जोडली आणि टोकाचं रबर आईच्या हातात दिलं. "हे तोंडात धर, म्हणजे कळेल कोणाचं ते."

जन्म टाक्या वाहण्यात गेला, पण आतल्या हवेची चव वार्तिनीने कधी घेतली नव्हती. तिने रबर सारोंगला पुसून तोंडात धरलं. कोरडी हवा घशात शिरली, जीभ टाळ्याला चिकटली, रबर आत रुतलं, आणि पोटातून असा उमासा आला की तिने ते थुंकूनच टाकलं.

"खाली मला रोज असंच होतं," सुचिआती हळूच म्हणाली. "म्हणून खोलीमागे बसून रबर तोंडात धरायची सवय करते. तोंड सगळं सोलवटलंय. बुदियासा म्हणाला, आंबट चघळून उतर, तोंडाला पाणी सुटेल. सरांना कळलं तर म्हणतील, बायकांचं काम नाही हे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

वार्तिनीला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. तिने कमरेची सुरी काढली. रोज सकाळी नैवेद्याच्या परडीसाठी माडाची पानं ती याच सुरीने कापायची. रबराच्या आत टोचणाऱ्या कडा तिने पानासारख्या अलगद तासल्या.

"सरांचं रबर आहे, रागावतील गं!"

"त्यांचा जबडा घोड्याचा. तू तुझ्या तोंडाचं बघ."

सुचिआतीने रबर तोंडात धरलं, दोन-चार श्वास घेतले आणि मान डोलावली. वार्तिनीने टाकी डोक्यावर घेतली.

थोड्या वेळाने पोर पाण्याखाली दिसेनाशी झाली. वर फक्त बुडबुडे येत राहिले. ते मोजता मोजता वार्तिनीचंच तोंड कोरडं पडलं. शेजारी कोणीतरी कागद चुरगाळत होतं. कंप्रेसर सोडून बुदियासा पाण्याच्या कडेला येऊन उभा होता. बुडबुड्यांवरून नजर न काढता कैरी चघळत होता. त्याला कुठे पाण्यात उतरायचं होतं!

वार्तिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने हात पुढे केला.

"एक फोड दे इकडे. आणि तुझ्या आईला बोलणी करायला घरी पाठव."