चार इंच खाली

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या हॉट रॉड क्लबात, म्हणजे जुन्या मोटारी कापून-जोडून नव्याने घडवणाऱ्यांच्या मंडळात, चौघेच म्हातारे उरले, तेव्हा त्यांच्यातल्या वर्नने आपली हत्यारं विकायला काढली. ती बघायला डेलिया ओरोस्को आली. चाळिशीची ही वेल्डर घरी १९३४ सालची फोर्ड मोटार नव्याने बांधत होती.

"इंजिन कुठलं?" वर्नने विचारलं.

"इंजिन नाही, काका. बॅटरीवर चालणार."

"मग वॉशिंग मशीन घे की. स्वस्त पडेल."

डेलिया हसली. "तेही आहे घरी. अडलंय ते टपावर. गाडी बुटकी दिसावी म्हणून तो चार इंच खाली घ्यायला दोनदा कापला, दोन्ही वेळा वाकडा बसला."

वर्नने हातातला पाना खाली ठेवला. "कापण्याआधी आतून टेकू दिले होतेस?"

"नाही."

"तिथेच फसलीस."

शनिवारी चौघेही तिच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. कापायचं कुठून, यावर त्यांचं तासभर भांडण झालं. शेवटी वर्नने खडूने रेघ मारली आणि डेलियाने कापलं. संध्याकाळी टप खाली आला आणि दारं अलगद मिटली.

वर्नने टपाच्या कडेवरून हात फिरवला. "पुढच्या शनिवारी खिडक्यांच्या काचा कापून बसवू," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीत आणखी कुणी शिकणारं असेल, तर त्यालाही घेऊन ये."