अर्धा फेरा

आमच्या थॉर्नडेलच्या रेल्वेवर येणाऱ्या माणसांना दोनच गोष्टींचं वेड असतं. एक चहाचं आणि दुसरं सन एकोणीसशे अकराचं. खरी रेल्वे इथून गेली त्याला साठ वर्षं झाली. आता आठवड्याच्या शेवटी आम्ही पेन्शनर हौशी लोक सहा मैलांवर वाफेचं इंजिन पळवतो आणि आतले प्रवासी शेतातल्या मेंढ्यांना हात हलवतात. मी ग्लेनिस औथवेट. लीड्सच्या बस डेपोत तीस वर्षं मी गियरबॉक्स खोलले. इथल्या सिग्नल खात्यात आले तेव्हा या लोकांनी पहिलं वर्षभर माझ्या हातात चहाची किटली दिली. दुसऱ्या वर्षी पाना दिला, तोही त्यांच्यातल्या दोघांचे गुडघे कामातून गेले म्हणून.

खात्याचा प्रमुख रॉडरिक पार्जेटर. उभा जन्म विम्याच्या कचेरीत काढलेला माणूस, पण पितळी बटणांचा काळा कोट चढवून असा चालायचा की रूळ याच्याच बापाने टाकलेत. सिग्नलच्या हाताला, म्हणजे खांबावरच्या फळीला, कोणता तांबडा लावायचा यावर त्याने सात सभा घेतल्या. सात. जुन्या रंगाचा नखाएवढा टवका त्याने कुठल्याशा खांबावरून खरवडून आणला होता आणि तो डबीत घालून बरोबर बाळगायचा. एवढं करून जो रंग लावला तो दुसऱ्या उन्हाळ्यात गुलाबी पडला. त्यावर आठवी सभा झाली.

या सगळ्यांत खरा रेल्वेवाला एकच, सिग्नलच्या केबिनमधला विल्फ टॉर्डॉफ. एक्केचाळीस वर्षं नोकरी केलेली, वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. शनिवार-रविवार तो केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढायचा आणि उरलेले पाच दिवस शनिवारची वाट बघायचा. दांड्याला उघडा हात लावायचा नाही, घामाने पोलादाला गंज चढतो, म्हणून प्रत्येक केबिनमनचं आपलं फडकं असतं. विल्फचं फडकं बायकोने शिवलेलं होतं. ते तो घरी नेऊन धुवायचा, इस्त्री करायचा. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "फडक्याला कसली इस्त्री करता, विल्फ?"

"मग काय माझ्या शर्टाला करू?" तो म्हणाला. "बघायला कोण येतंय, पोरी?"

मी सहासष्ट वर्षांची. मला पोरी म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

आता सिग्नलचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हात आडवा असला तर थांबायचं, खाली पडला तर यायचं. केबिनमधला दांडा ओढला की सहाशे यार्डांची तार ताणली जाते आणि हात पडतो. पण तार शेवटी लोखंडाची. उन्हात लांबते, गारव्यात आखडते. दुपारी सैल पडली तर हात अर्धाच पडतो, ते एक वेळ चालतं, ड्रायव्हर थांबतो. पण दुपारी ताणून ठेवलेली तार संध्याकाळी आखडली, तर दांडा परत टाकला तरी हात खालीच लोंबकळत राहतो आणि थांबायच्या जागी ये म्हणतो. यासाठी केबिनमध्ये एक चाक होतं. विल्फ दुपारी ते चाक फिरवून तार घट्ट करायचा, संध्याकाळी सैल करायचा. आणि आमचा सिग्नल पुलाच्या पलीकडे असल्यामुळे केबिनमधून दिसत नाही, म्हणून हात खरंच आडवा झाला का ते सांगणारी बशीएवढी तबकडी होती.

रॉडरिकने जुनी कागदपत्रं चाळून शोध लावला की ही दोन्ही यंत्रं इथे तेवीस साली बसवलेली. आपण तर अकरा साल दाखवतो. झालं. चाक आणि तबकडी दोन्ही उपटून, घासूनपुसून त्याने तिकीट खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवली. खाली छोटी पाटी लावली, 'नंतरच्या काळातील'.

"मग अकरा साली कसं करायचे?" विल्फने विचारलं.

"तार सांभाळणारी माणसं असायची," रॉडरिक म्हणाला.

"असायची ना. दोन माणसं, पगारावर."

रॉडरिकला ते ऐकू आलं नाही. त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

जुलैतल्या एका शनिवारी फोटोवाल्यांचा क्लब यायचा होता. गरमी अशी की चहाबरोबरच्या स्कोनवर लावायचं लोणी वाटीतच वितळलं. तार सैल पडली आणि सिग्नलचा हात ओढला तरी जेमतेम मान तुकवल्यासारखा हलला. रॉडरिकने मला शिडीवर चढवलं. खांबावर तार ताणायचा एक स्क्रू असतो. रॉडरिक खालून शाळकरी कोनमापक डोळ्यासमोर धरून मोजायचा आणि मी पिळायचे. "आणखी. आणखी थोडं. बाई, अंश चुकतोय, अंश!" शेवटी एकदाचा त्याचा अंश जमला. कॅमेरे वाजले.

मी परतले तेव्हा केबिनच्या खिडकीतून विल्फ म्हणाला, "पोरी, संध्याकाळी अर्धा फेरा सैल कर. विसरू नकोस, मला इथून दिसत नाही."

"करते," मी म्हटलं.

चारला पाना घेऊन निघाले तर रॉडरिक आडवा आला. "हात लावायचा नाही. उद्या सकाळी परत फोटो आहेत."

"संध्याकाळी हात वर जाणार नाही, रॉडरिक."

"बाई, हा बस डेपो नाही."

हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. बरं, म्हटलं, राहू दे. लोंबकळू दे तुझा हात त्या सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, चांगलं नाक कापलं जाऊ दे. पाना पिशवीत टाकला आणि घरी गेले. पोर्क भरलेली पाई आणि लोणचं खाल्लं, अगदी चवीने खाल्लं. केबिनमध्ये त्या वेळी कोण बसलंय हे माझ्या मनात आलं नाही. आलं असतं तर मी गेलेच असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

पावणेसहाला मेंढ्यांचा एक ट्रक रूळ ओलांडून जायचा म्हणून विल्फने दांडा परत टाकला आणि केबिनशेजारचं लेव्हल क्रॉसिंगचं फाटक रस्त्यासाठी उघडलं. फाटक आता रुळांवर आडवं. शेवटची गाडी आणणारा ड्रायव्हर लिंडन, आठवडाभर डेंटिस्ट, शनिवारी इंजिनवाला. त्याला दिसला पडलेला हात. तो आला. फाटकाच्या पांढऱ्या फळ्या रस्त्याभर झाल्या. मेंढ्यांचा ट्रक अर्ध्या मिनिटापूर्वी पार झाला होता, म्हणून कुणाला लागलं नाही.

बुधवारी गाडीच्या डायनिंग डब्यात कमिटी बसली. लिंडन म्हणाला हात पडलेला होता. विल्फ म्हणाला दांडा परत टाकलेला होता. दोघेही खरं बोलत होते. रॉडरिक उठून नियमपुस्तक वाचायला लागला. "केबिनमनने हात आडवा झाल्याची खात्री करून घ्यावी."

"कशी करू?" विल्फने विचारलं. "खात्री तुझ्या कपाटात आहे."

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नजरेचा प्रश्न येतो," रॉडरिक अध्यक्षांकडे बघून म्हणाला. "यात दोष कुणाचा नाही. वयच ते."

विल्फ माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होता. त्याची केबिन जाणार हे डब्यातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येकजण मूग गिळून बिस्किटं खात होता. मी उठले. म्हटलं, "तार मी ताणली. रॉडरिकने सांगितलं म्हणून. संध्याकाळी सैल करायची होती, ती मी केली नाही." का केली नाही ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

"मोजून बघू," रॉडरिक म्हणाला. "वादच नको."

सगळी वरात पुलापलीकडे गेली. वेळ दुपारची पाऊण, ऊन रखरखीत. दांडा ओढला, हात पडला. दांडा टाकला, हात आडवा. रॉडरिकचा कोनमापक प्रसन्न झाला.

"आता साडेपाचला या आणि बघा," मी म्हटलं.

अध्यक्षांनी घड्याळ काढलं. "साडेपाचला? इतका वेळ थांबायचं?" डायनिंग डब्यात गूजबेरीची गोड पाई ठेवलेली होती. एक टोळकं आधीच तिकडे वळलं होतं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'तार निर्दोष. केबिनमनचे दुर्लक्ष.' स्क्रूला कुणी हात लावू नये म्हणून रॉडरिकने त्यावर शिशाचं सील ठोकलं. विल्फने फडकं खिशात घातलं आणि कठड्याला धरून केबिनचा जिना एकेक पायरी उतरला. त्या जिन्यावर मी त्याला कधी कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

दोन शनिवारांनी नवं फाटक बसलं. केबिनमध्ये खुद्द रॉडरिक, कोटासकट. विल्फ तिकीट काढून, फ्लास्क घेऊन फलाटावरच्या बाकावर बसला होता. तिकीट काढून. मला त्याच्याजवळ जायला तोंड नव्हतं. शेवटच्या गाडीची वेळ झाली आणि पुलापलीकडे शिट्टी सुरू झाली. एक, दोन, मग थांबेचना. लिंडन आता शहाणा झाला होता. लोंबकळता हात बघून जागीच थांबला. रॉडरिकने धावपळ करून फाटक लावलं, दांडा ओढला, तरी गाडी हलेना. मी पळत गेले. लिंडन इंजिनातून म्हणाला, "हात आधीच पडलेला होता. आता आणखी पडला. यातला खरा कुठला? मी येणार नाही."

परत आले तर विल्फ बाकावरून उठलेला. "दांडा परत टाक, रॉडरिक," त्याने केबिनकडे बघून सांगितलं. मग मला म्हणाला, "पाना आहे?"

"प्रवाशांनी रुळांत उतरायचं नाही," वरून रॉडरिक ओरडला. पण दांडा परत टाकला.

खांबापाशी मी सील तोडलं. विल्फ खाली शिडी धरून उभा राहिला. "अर्धा फेरा. जास्त नको." मी फिरवला. गुलाबी हात सावकाश वर गेला आणि आडवा झाला.

मी उतरले तरी त्याने शिडी सोडली नाही. "मी त्या दिवशी तुला सांगितलं होतं."

"हो."

"विसरलीस ना?"

तो मला वाट काढून देत होता. हो म्हणायचा अवकाश होता. "नाही, विल्फ," मी म्हटलं. "विसरले नव्हते. रॉडरिकची फजिती व्हावी म्हणून सोडलं. तुमचा विचारच केला नाही."

त्याने शिडी सोडली. मग खिशातलं फडकं काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, हात पुसायला. "उद्याही गरमच आहे म्हणतात," तो म्हणाला. "सकाळी घट्ट, साडेपाचला सैल. रोज. गाडीत पोरं असतात." आणि तो रुळांच्या कडेने फलाटावर परत न जाता गावाकडच्या वाटेला लागला. फडकं परत मागायला तो कधी आला नाही.

कमिटीला मी दोन पत्रं लिहिली. दोन्हींना एकच उत्तर आलं, तबकडी तेवीस सालची आहे. तेव्हा गाडीच्या प्रत्येक दिवशी मी सकाळी अर्धा फेरा घट्ट करते, संध्याकाळी अर्धा फेरा सैल. नवं सील मीच शिसं वितळवून बनवते आणि रॉडरिकच्या नजरेला ते कधी वेगळं वाटलेलं नाही.

ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शनिवारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, हंगामाची सभा झाली. रॉडरिकने अहवाल वाचला, केबिन आपल्या हातात आल्यापासून सिग्नल एकदाही बिघडला नाही (पहिला शनिवार त्याने मोजला नव्हता), तेव्हा अकरा सालची पद्धतच बरोबर होती हे सिद्ध झालं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या दोन. मग पिशवीतलं फडकं आणि पाना चाचपला आणि सभा अर्ध्यावर टाकून उठले, कारण सव्वापाच वाजले होते.